गेटजवळची चिंच तोडू नका: सोसायटीच्या कमिटीला आणि सगळ्या सभासदांना खुलं पत्र

चेअरमन साहेब, सेक्रेटरी काका, कमिटीतले सगळे आणि ए, बी, सी तिन्ही विंगमधले सभासद, नमस्कार.

परवा ग्रुपवर जनरल बॉडीचा अजेंडा आला आणि त्यात सहा नंबरला एक ओळ होती, "गेटजवळील चिंचेचे झाड काढून तेथे चार गाड्यांचे पार्किंग करणे". तेवढीच ओळ, पुढेमागे काही नाही. तासाभरात त्याखाली वीसेक अंगठे आले. मी त्या दिवशी काहीच लिहिलं नाही, रागात लिहिलं असतं तर नीट लिहिता आलं नसतं. आज शांत डोक्याने लिहितेय आणि चार ओळीत मावणारं नाही म्हणून पत्रच लिहितेय. लांब झालंय, पण मीटिंगच्या आधी सगळ्यांनी वाचावं ही विनंती.

मी 1991 ला लग्न होऊन कोथरूडला आले, तेव्हापासून रोज ह्या झाडाखालून जातेय. आपली बिल्डिंग 1986 ची. त्याआधी इथे शेत होतं, आणि ज्यांचं शेत होतं त्या घरातल्या आजी जमीन विकल्यावरसुद्धा दरवर्षी फाल्गुनात चिंचा न्यायला यायच्या, नऊवारी नेसलेल्या, हातात कापडी पिशवी, सोबत नातू. सासूबाई त्यांना वर बोलवून चहा द्यायच्या. त्या आजी सांगायच्या की त्या नवी नवरी म्हणून आल्या तेव्हासुद्धा ही चिंच मोठीच होती, खाली बैल बांधायचे आणि दुपारची जेवणं तिच्याच सावलीत व्हायची. आजी जाऊनसुद्धा आता वीसेक वर्षं झाली, म्हणजे झाडाच्या वयाचा अंदाज तुम्हीच करा. चिंच फार सावकाश वाढते, बी लावून वाढवली तर पहिलं फळ धरायलाच आठ-दहा वर्षं जातात, आणि सुखाने राहू दिली तर शंभर-दोनशे वर्षं उभी राहते. म्हणून ग्रुपवर कुणीतरी "एक तोडू, दोन लावू" लिहिलंय ते मला पटलं नाही. ती दोन झाडं एवढी व्हायला आपल्यातलं कुणीच नसणार, आपली नातवंडं असतील तर असतील.

पार्किंगचा त्रास खरा आहे, तो मी नाकारत नाही. बी विंगमधल्या दोन मुली रात्री उशिरा कामावरून येतात आणि त्यांना बाहेर रस्त्यावर गाडी लावून अंधारात चालत यावं लागतं, हे थांबलंच पाहिजे. पण मागच्या बाजूला ती बंद पडलेली जुनी टाकी आहे ना, तिच्याभोवती तुटके सोफे, मोडक्या सायकली, कुणाकुणाचे जुने दरवाजे असं सगळं भंगार पडलंय. मी आणि आमच्या ह्यांनी गेल्या आठवड्यात ती जागा पावलांनी मोजली, टाकी काढली आणि भंगार उचललं तर तीन गाड्या आरामात बसतात, छोट्या असल्या तर चार. खर्च होईल, पण एवढं झाड तोडायला, बुंधा उपटायला आणि तिथे काँक्रीट करायला पण खर्च होणारच आहे.

आता दुसरं कारण, जे मीटिंगमध्ये कुणी मोठ्याने बोलणार नाही पण जिन्यात मी तिघींकडून ऐकलं. घरासमोर चिंच चांगली नाही, वास्तूला चालत नाही, तिच्यावर हडळ असते. मी ह्याला हसणार नाही, कारण मी हेच ऐकत मोठी झालेय. माझं आजोळ जुन्नरकडचं, तिकडे पिंपळावर मुंजा आणि चिंचेवर हडळ हे ठरलेलंच होतं, तिन्हीसांजा झाल्या की चिंचेखालून जायचं नाही, केस मोकळे सोडून तर अजिबात नाही. मी इथे आले त्या पहिल्या पावसाळ्यात एकदा लाईट गेले होते आणि झाडातून असा चिर्रर्र चिर्रर्र किचाट सुरू झाला, कुणीतरी भांडतंय असा, की माझे हातपाय गार पडले. सासूबाईंनी काही न बोलता बॅटरी घेतली, मला गच्चीच्या पायऱ्यांवर नेलं आणि ढोलीवर उजेड टाकला. दोन पिंगळे, म्हणजे छोटी घुबडं. गोल डोळे, मान हलवत आमच्याकडे बघत होते. म्हाताऱ्या चिंचेला ढोल्या पडतात आणि पिंगळ्याला ढोलीच लागते, ते जास्त करून रात्रीच जागे असतात आणि आवाज असा करतात की कुणीही घाबरेल. त्या रात्रीनंतर मला ह्या झाडाची भीती कधी वाटली नाही, उलट कुठल्या रात्री आवाज आला नाही तर चुकल्यासारखं होतं.

आणि भीतीला अजूनही कारणं असणार असं मला वाटतं. चिंचेची सावली दाट, खाली पडलेला पाला आंबट, त्यामुळे तिच्या बुडाशी गवत किंवा दुसरं काही नीट उगवत नाही, जागा ओसाड दिसते. संध्याकाळी तिची पानं मिटतात, कधी उभं राहून बघा, दिवसा पसरलेली पानं दिवेलागणीला जोडीजोडीने मिटत जातात आणि सगळं झाडच झोपल्यासारखं दिसतं. वीज नसलेल्या काळात, गावाबाहेर एकटं उभं असलेलं असं झाड, त्यात ढोलीतून आवाज, मग लोकांनी हडळ नाही बसवली तरच नवल.

दोन वैद्यांची गोष्ट पण तुमच्यातल्या काहींनी ऐकली असेल. एका वैद्याने लांबच्या गावच्या वैद्याकडे एक धडधाकट माणूस पाठवला आणि त्याला सांगितलं की वाटेत रोज रात्री चिंचेखालीच झोपायचं. पोचेपर्यंत तो आजारी पडला. त्या दुसऱ्या वैद्याने काही औषध दिलं नाही, फक्त सांगितलं की जाताना रोज कडुनिंबाखाली झोप. घरी पोचेपर्यंत तो बरा झाला. लोक ही गोष्ट चिंच वाईट म्हणून सांगतात, मी ती आमच्या मुलाला सांगायचे तेव्हा मला वेगळंच वाटायचं. दोघा वैद्यांना कुठलं झाड कशासाठी हे माहीत होतं. रात्रीचं दाट, दमट सावलीखाली झोपू नये एवढंच म्हणणं आहे, त्या गोष्टीत चिंच तोडायला कुणीच सांगत नाही. आणि आपण कुठे रात्री तिच्याखाली झोपतोय.

एवढी बारीक पानं का, ह्याची पण गोष्ट आहे. वनवासात राम, सीता आणि लक्ष्मण चिंचेखाली राहिले, तेव्हा म्हणे तिची पानं मोठी होती, ऊन लागेना पाऊस लागेना. राम म्हणाला वनवासात एवढं सुख बरं नाही, म्हणून लक्ष्मणाने बाण मारून पानांच्या चिरफळ्या केल्या. ज्या झाडाने रामाला असा आसरा दिला अशी गोष्ट लोकांनी रचली, ते एकाच वेळी अशुभ कसं काय, हे वास्तूवाल्यांना विचारा.

आपल्या शहराचं तर ह्या झाडाशी नातंच आहे. चिंचवडचं नाव चिंच आणि वडावरून पडलं असं सांगतात. पेठेत चिंचेची तालीम आहे. शिरूर तालुक्यातल्या मोराच्या चिंचोलीला आपण रविवारी पोरांना घेऊन मोर बघायला जातो, तिथे चिंचांच्या राया आहेत. महाराष्ट्रात चिंचोली, चिंचणी, चिंचाळे अशी किती गावं असतील मोजदाद नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा रिक्षावाल्याला सोसायटीचं नाव सांगून कळायचं नाही, "मोठ्या चिंचेपाशी" म्हटलं की तो बरोबर आणून सोडायचा.

गंमत म्हणजे हे झाड मूळचं आफ्रिकेतलं, पण इतक्या जुन्या काळी इकडे आलं की अरबांनी त्याला नाव दिलं तमर हिंदी, म्हणजे हिंदुस्थानातला खजूर, आणि तेच नाव पुढे इंग्रजीत टॅमरिंड झालं. संस्कृतात चिंचा, अम्लिका, तिंतिडी. आणि त्या अख्ख्या वंशात ही एकटीच जात आहे. गोरखचिंच, विलायती चिंच ही नावं ऐकून वाटतं बहिणी असतील, पण ती वेगळी झाडं.

आता चिकटपणाचं. गाड्यांवर चिंचा पडतात, टपावर डाग पडतात, चिंच टायरखाली येऊन बरबट होते, हे सगळं खरं आहे आणि मी स्वतः आमची गाडी घासलीय. पण हे गेल्या सात-आठ वर्षांतलं आहे, त्याआधी असं होत नव्हतं कारण चिंच खाली पडायच्या आत आपण उतरवत होतो! जुन्या सभासदांना आठवत असेल. होळीच्या आसपास एका रविवारी माणूस बोलवायचो, तो वर चढून फांद्या हलवायचा, खाली आम्ही बायका जुन्या चादरी आणि साड्या धरून उभ्या, पोरं किंचाळत पळायची, चिंचांचा असा पाऊस पडायचा. मग पुढचा आठवडा ए विंगच्या पॅसेजमध्ये चिंचा फोडणं चालायचं, पाटावर चिंच ठेवून बत्त्याने टरफल फोडायचं, शिरा ओढून काढायच्या, चिंचोके वेगळे. बोटं आंबून जायची, नखांच्या कडा चुरचुरायच्या, पण हात थांबायचे नाहीत कारण गप्पाही थांबायच्या नाहीत. ए विंगमधल्या कुणाच्या सुनेला दिवस गेलेत हे सगळ्यांना तिथेच कळायचं, कारण ती फोडता फोडता निम्म्या चिंचा खायची. मग दोन दिवस गच्चीवर ऊन दाखवायचं, खडेमीठ लावून लाडू बांधायचे आणि चिनी मातीच्या बरणीत दाबून भरायचे. ती चिंच वर्षभर पुरायची आणि जितकी जुनी तितकी काळी होत जायची. माझ्याकडे अजून तीन वर्षांपूर्वीची एक बरणी आहे, कुणाला बघायची असेल तर या.

ह्या एका झाडावर आपण किती स्वयंपाक केलाय. चिंचगुळाची आमटी, अळूचं फदफदं, अळूवड्या, सुरणाची भाजी, भेळेचं पाणी, पंचामृत. अळूला आणि सुरणाला चिंच फक्त चवीला नसते, घशाला खाज सुटू नये म्हणून लागते, आपल्या आज्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं तरी माहीत होतं. देवघरातली तांब्या-पितळेची भांडी चिंच आणि मिठाने घासली की लखलखीत होतात, तेही ह्याच आंबटपणामुळे. हा आंबटपणा टार्टारिक ॲसिडचा, आणि चिंचेची खासियत अशी की बाकीची फळं पिकताना त्यांचा आंबटपणा उतरतो, चिंचेतलं हे ॲसिड तसंच राहतं, फक्त साखर वाढत जाते. म्हणून पिकलेली चिंच एकाच वेळी आंबट पण असते आणि गोड पण. आणि त्याच्या अलीकडची गाभुळलेली चिंच, टरफल सुटं झालेलं, गर अजून हिरवट पिवळा, ती बाजारात सहज मिळतच नाही, ती झाडाखाली उभं राहूनच खायची असते. आपल्या सोसायटीतल्या आत्ताच्या मुलांपैकी किती जणांनी ती खाल्लीय? गेल्या वर्षी मी सी विंगमधल्या एका छोट्याला दिली, त्याचा एक डोळा मिटला, खांदे वर गेले आणि मग त्याने परत हात पुढे केला.

चैत्रात कोवळा पाला येतो त्याला चिगूर म्हणतात, त्याची डाळ घालून भाजी किंवा नुसती चटणी. चिंचोके भाजून खायचो, ते घासून, दोन फाकी करून चल्लस आठ खेळायचो. चिंचोक्याच्या पिठाची खळ मागावरच्या सुताला लावतात, आणि मला अलीकडेच कळलं की कोरड्या डोळ्यांसाठीच्या काही थेंबांतसुद्धा चिंचोक्यापासून काढलेला पदार्थ वापरतात, आपण जे टरफलाबरोबर फेकून देतो ते! लाकूड इतकं चिवट की त्याची मुसळं करायची, तेलघाणे करायचे, खाटकाचा ठोकळा सुद्धा चिंचेचाच.

मधमाश्या चावतील असं ग्रुपवर दोन जणांनी लिहिलंय. माश्या येतात त्या फुलावर, मे-जूनमध्ये, आणि मी इतकी वर्षं बघतेय ह्या झाडाखाली त्या कुणाला चावल्याचं मला आठवत नाही. ते फूल एकदा जवळून बघा, खालून नाही दिसत, फिकट पिवळ्या पाकळीवर लाल रेघा असतात, कुणी बारीक ब्रशने ओढल्यासारख्या. त्या माश्या नाही आल्या तर फळ नाही धरणार. पुढे कधी पोळं फारच खाली धरलं तर माहितगार माणूस बोलवून हलवता येतं.

मग राहिलं "पावसाळ्यात पडेल" हे. हे मला सगळ्यात गंभीर वाटतं कारण गेल्या पावसाळ्यात आपल्याच गल्लीत एक झाड गाडीवर पडलं, तो गुलमोहर होता. पुण्यात पहिल्या वादळी पावसात रस्त्यांवर जी झाडं आडवी होतात त्यात गुलमोहर खूप असतात, त्याचं लाकूड ठिसूळ आणि मुळं वरवरची. चिंचेची मुळं खोल जातात, फांद्या चिवट असतात, वाऱ्याला टिकणाऱ्या झाडांत तिचं नाव घेतात. हैदराबादला 1908 साली सप्टेंबरमध्ये मुसी नदीला महापूर आला, हजारो माणसं गेली, तेव्हा नदीकाठच्या एका चिंचेवर चढून दीडशेच्या आसपास लोक वाचले. ती चिंच आता उस्मानिया हॉस्पिटलच्या आवारात आहे आणि लोक तिला जपतात. पानशेतचा पूर ज्या शहराने बघितलाय त्याला ह्याची किंमत वेगळी सांगायला नको.

पण झाड खोल मुळांचं असलं तरी त्याला श्वास घ्यायला माती लागते. 2017 ला आपण पेव्हर ब्लॉक घातले तेव्हा अगदी बुंध्याला चिकटून सिमेंट भरलं, मी तेव्हा बोलले नाही ही माझी चूक. पाणी आत जात नाही, मुळं वर येऊन ब्लॉक उचलतात आणि मग आपणच म्हणतो मुळं फाउंडेशन फोडतील. बुंध्याभोवती निदान एक मीटर माती मोकळी पाहिजे. आणि ती ढोली किती खोल आहे, बुंधा आतून पोकळ झालाय का, हे माहितगार माणसाकडून तपासून घ्यायला माझी अजिबात हरकत नाही, तपासणीत खरंच धोका निघाला तर मी पहिली सही करेन. पण तपासणी न करता भीतीने नको.

कायद्याचं पण सांगते कारण अजेंड्यात त्याचा उल्लेखच नाही. आपल्या आवारातलं झाड आपलं असलं तरी आपण ठरवलं आणि तोडलं असं होत नाही. महाराष्ट्रात 1975 चा झाडं जपण्याचा कायदा आहे, शहरात झाड तोडायला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. 2021 ला त्या कायद्यात बदल झाला, आता 50 वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला हेरिटेज ट्री धरतात, आणि परवानगी मिळून झाड तोडलं तर जेवढं त्याचं वय तेवढी नवी झाडं लावायला लागतात. आपली चिंच पन्नाशीच्या किती पुढे असेल ते वर आजींच्या हिशोबात आलंच आहे. तेवढी झाडं आपण कुठे लावणार आणि कोण जगवणार, हे ठराव मांडणाऱ्यांनी मीटिंगमध्ये सांगावं.

माझं मागणं असं आहे. सहा नंबरचा विषय बदलून "मागची टाकी काढून पार्किंग करणे" असा घ्यावा. झाडाची तपासणी करून घ्यावी, ज्या फांद्या गाड्यांवर खूप झुकल्यात त्यांची परवानगी काढून छाटणी करावी, आणि ह्या वर्षीपासून चिंच उतरवणं परत सुरू करावं. चिंच उतरवायची आणि फोडायची व्यवस्था मी बघते, मला फक्त चादर धरायला आठ-दहा जण आणि पॅसेज पाहिजे. ज्यांना नको त्यांनी खाऊ नये, पण पडून चिकटण्यापेक्षा बरण्यांत गेलेली बरी. आणि मुलांना तो पाऊस एकदा बघू द्या.

तपासणीच्या अर्जात झाडाच्या बुंध्याचा घेर द्यावा लागेल म्हणून शनिवारी सकाळी साडेसातला मी मोजपट्टी घेऊन झाडापाशी थांबतेय. बुंधा एवढा आहे की एकट्याने पट्टी पलीकडून फिरवता येत नाही, दुसरं टोक धरायला कुणीतरी खाली या.

तुमची,
ए विंग, पहिल्या मजल्यावरची काकू